काखेचा काळेपणा आणि ग्लायकोलिक ॲसिड: आधी आग थांबवा, मग बाटली उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कित्येक वर्षं तुम्ही काखेतले केस रेझरने काढता आणि तिथली कातडी हळूहळू काळवंडली. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही चेहऱ्यासाठी मिळणारा 7 टक्के ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर कापसाने रोज रात्री काखेत लावायला सुरुवात केलीत. पहिले काही आठवडे कातडी मऊ झाली, रंगही जरा उजळल्यासारखा वाटला. आता मात्र लावलं की आग होते, घाम आला की चुरचुरतं आणि मधला भाग आधीपेक्षा काळपट दिसतोय. म्हणून तुम्ही विचारताय की 10 टक्क्यांवर जावं, की घरीच 30 टक्क्यांचं पील (कडक ॲसिड थोडा वेळ ठेवून वरची कातडी सोलून काढणं) करावं. शिवाय टोनरमुळे वास कमी झालाय, तर डिओडरंट बंद केलं तर चालेल का, हेही विचारलंय.

ताकद वाढवू नका. आज रात्रीपासून टोनर बंदच करा, निदान तीन आठवडे. तुमच्याकडे कमी पडलंय ते ॲसिड नाही. आधी उजळून मग पुन्हा काळं पडणं, आणि त्याच सुमारास आग सुरू होणं, हा क्रम बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो: ॲसिडनेच आता त्वचेला इजा व्हायला लागली आहे आणि त्वचा त्या इजेला रंग तयार करून उत्तर देते आहे.

काखेतला काळेपणा म्हणजे साचलेला मळ नव्हे. मळ असता तर साबणाने निघाला असता. रेझरचं पातं, वॅक्स, घट्ट बाही, डिओडरंटमधला सुगंध, यांपैकी काहीही रोज थोडंथोडं बोचत राहिलं की त्वचेत सौम्य दाह होतो. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत तर लाली अनेकदा नीट दिसत नाही, थेट काळपटपणाच दिसतो. दाह झाला की रंगपेशी मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारं द्रव्य जास्त बनवतात आणि वरच्या पेशींमध्ये भरतात. ग्लायकोलिकसारखं ॲसिड वरच्या मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं, त्यामुळे मेलॅनिनने भरलेल्या पेशी लवकर झडतात. त्याचं काम एवढंच. खाली मेलॅनिन बनतंय ते थांबवणं त्याच्या हातात नाही, आणि अति झालं तर ते स्वतःच दाह वाढवतं.

2013 मध्ये काखेच्या काळेपणावर एक छोटा पण काळजीपूर्वक केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 4 टक्के नायसिनमाइड आणि डेसोनाइड नावाचं सौम्य स्टेरॉइड यांची तुलना नुसत्या क्रीमशी केली होती. दोन्हींनी रंग उजळला, आणि स्टेरॉइडने जास्त उजळला. स्टेरॉइड कातडी सोलत नाही, ते दाह शमवतं. तरी त्याने फरक पडला. याचा अर्थ स्टेरॉइड आणून लावा असा नाही (त्याबद्दल पुढे लिहिते), पण काखेत दाह शमवणं हे सोलण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, हे त्यातून नीट कळतं.

आता आधी बघायचं ते हे की तुमचा काळेपणा नेमका कुठला आहे. सगळे काळेपणे ॲसिडने जात नाहीत. दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभं राहा, हात डोक्यामागे न्या आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काखेची कातडी हलकेच ताणा. काळेपणा सलग न दिसता बारीक ठिपके वेगवेगळे दिसायला लागले, तर तो रंग मुख्यतः कातडीखाली राहिलेल्या केसांच्या मुळांचा आहे. रेझर केस कातडीच्या पातळीवर कापतो, जाड काळ्या केसाचं खोड खाली तसंच राहतं आणि वरून निळसर-राखाडी छटा दिसते. यावर कितीही ॲसिड लावलं तरी काही होणार नाही, कारण रंग कातडीचा नाहीच. इथे उपाय केसांवर करावा लागतो.

ताणल्यावरही सलग तपकिरी पट्टा राहिला तर तो कुठे आहे ते पाहा. काखेच्या अगदी मधल्या खोलगट भागात गडद आणि कडेला फिका, असं असेल तर संशय डिओडरंट किंवा रेझरवर. याउलट मधला भाग बरा आणि कडांना, जिथे बाहीची शिवण घासते तिथे, गडद कमान दिसत असेल तर कपड्याकडे बघा: घट्ट शिवण, कृत्रिम धागा, किंवा कापडाचा रंग. तुम्ही मधला भाग काळपट झाल्याचं लिहिलंय. ॲसिड, रेझर आणि डिओडरंट ही तिन्ही तिथेच भेटतात, त्यामुळे ते जुळतं.

कातडी मखमलीसारखी जाड लागते, बारीक आडव्या रेघा पडल्यात, मानेच्या मागेही तसंच आहे, आजूबाजूला छोट्या लोंबत्या चामखिळी आल्यात, असं असेल तर तो बहुधा अकॅन्थोसिस निग्रिकान्स. तो इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची खूण असतो. वजन वाढलेलं असणं, पाळी अनियमित असणं, घरात मधुमेह असणं, यांबरोबर तो वारंवार दिसतो. त्यासाठी उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्यायला हवं. वजन आणि साखर ताब्यात आली की कातडी आपोआप पातळ आणि फिकी होत जाते, ॲसिडने फक्त वरचा खरबरीतपणा कमी होतो. मात्र मध्यम वयानंतर असा बदल काही आठवड्यांत झपाट्याने पसरला, ओठ किंवा तळहातही खरबरीत झाले, वजन कारण नसताना उतरलं, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जा. क्वचित त्यामागे पोटातला कर्करोग असतो.

आणखी एक प्रकार लोक नेहमी चुकवतात. स्पष्ट कडा असलेला लालसर-तपकिरी चट्टा, वर अगदी बारीक कोंडा, खाज थोडी किंवा नाहीच. हा इरिथ्राझ्मा असू शकतो, म्हणजे जिवाणूंचा वरवरचा संसर्ग. त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याचा उजेड टाकतात तेव्हा तो पोवळ्याच्या रंगाचा चमकतो आणि निदान जागच्या जागी होतं. लावायच्या अँटिबायोटिकने तो बरा होतो. कडा उठून आलेली आणि भरपूर खाजणारी असेल तर गजकर्ण असू शकतं. वारंवार काखमांजरी उठत असेल, गाठी दुखत असतील, पू येत असेल, तर तो वेगळाच आजार आहे, तिथे ॲसिड लावू नका. आणि रंग तपकिरी नसून राखाडी-निळसर असेल, ठिपके नसून सलग असेल, तर मेलॅनिन त्वचेच्या खालच्या थरात उतरलंय. तिथवर कुठलंही घरगुती ॲसिड पोचत नाही.

यांपैकी काही नसेल, नुसता घर्षण-दाहाचा तपकिरी काळेपणा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

चेहऱ्याला चालणारा टोनर काखेत का बाधतो, हे समजून घेतलं की बऱ्याच चुका टळतात. काख ही बंद जागा. कातडी कातडीला टेकते, हवा लागत नाही, ओल टिकते. अशा जागी लावलेलं काहीही जास्त आत शिरतं. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत काखेत ते सुमारे साडेतीन पट शोषलं गेलं. ॲसिडचा आकडा नेमका तोच नसेल, पण दिशा तीच. त्यात रेझर फिरला की वरच्या थराला बारीक ओरखडे पडलेले असतात. चेहऱ्यावर टोनर काही मिनिटांत सुकतो, काखेत हात खाली आला की तो घडीत कोंडला जातो आणि रात्रभर घामाने पुन्हापुन्हा ओला होत राहतो. रोज रात्री लावणं चेहऱ्यालाही बऱ्याच जणांना जड जातं. काखेला तर जातंच.

बाटलीवरच्या टक्क्यांनीही फसू नका. टक्के सांगतात ॲसिड किती घातलंय, त्यातलं काम करणारं किती ते पीएच ठरवतो, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा: तो जितका कमी तितकं आम्ल कडक. ग्लायकोलिक ॲसिड पीएच 3.8 ला निम्मं मुक्त असतं आणि निम्मं क्षाराच्या रूपात. मुक्त भागच कातडीत शिरतो, झडवतो आणि झोंबतो. 7 टक्क्यांचा टोनर पीएच 3.6 चा असेल तर त्यात साधारण 4.4 टक्के मुक्त ॲसिड असतं. 10 टक्क्यांचं लोशन पीएच 4.4 चं असेल तर सुमारे 2 टक्केच. म्हणजे 10 लिहिलेली बाटली 7 वाल्या बाटलीपेक्षा सौम्य असू शकते, आणि पीएच खाली असेल तर कितीतरी कडकही. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञ मंडळाने 1998 मध्ये घरी वापरायच्या अशा ॲसिडसाठी 10 टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 च्या खाली नाही, अशी मर्यादा सुचवली होती. काखेसाठी मी त्या मर्यादेच्या जवळही जायला सांगत नाही. पीएच लिहिलेलाच नसेल तर ते उत्पादन काखेसाठी घेऊ नका.

आता पुढचे तीन आठवडे. टोनर बंद, स्क्रब बंद, रेझर बंद. केस अगदी नको असतील तर ट्रिमर वापरा, पण कातडीला टेकवून न घासता मिलिमीटरभर केस राहतील असा. सकाळी आणि रात्री कोमट पाण्याने धुवा, सुगंध नसलेला सौम्य क्लीन्झर दिवसातून एकदाच. टॉवेलने चोळू नका, टिपा. मग सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर, सेरामाइड असलेलं असेल तर उत्तम, वाटाण्याएवढं प्रत्येक काखेला. फार चुरचुरत असेल तर पहिले चार-पाच दिवस रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. सैल, सुती बाह्या घाला. आग आणि चुरचुर चार-पाच दिवसांत ओसरायला हवी. आठवडा गेला तरी तशीच असेल, पाणी सुटत असेल, किंवा बारीक फोड आले असतील, तर वाट न बघता दाखवून घ्या.

याच काळात डिओडरंटची परीक्षा करून टाका. ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. तिथे खाज, लाली किंवा पुरळ आलं तर काखेतल्या काळेपणाचं एक मोठं कारण हाती लागलं. सुगंध हा नेहमीचा गुन्हेगार. खाण्याचा सोडा असलेली डिओडरंटंही अनेकांना बाधतात, कारण सोडा अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा मोडतो.

केसांचं काय करायचं, याला मी ॲसिडपेक्षा जास्त महत्त्व देते, कारण तुमच्या काळेपणाची सुरुवात तिथून झाली. रेझरच वापरायचा असेल तर आंघोळीच्या शेवटी, केस तीन-चार मिनिटं कोमट पाण्याने मऊ झाल्यावर, जेल लावून. काखेतले केस एका दिशेने उगवत नाहीत, वरचे वर आणि खालचे खाली वळलेले असतात. बोट फिरवून दिशा ओळखा आणि त्याच दिशेने पातं फिरवा, एका जागी एकदाच. उलट दिशेने आणि कातडी फार ताणून केलं की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, मग तो बाहेर येताना आतच वळतो, पुळी येते आणि पुळी गेली की डाग राहतो. पातं अडखळायला लागलं की बदला, बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि तो जोर कातडीवर पडतो. वॅक्स केसाबरोबर वरचा थरही ओढून काढतं. केस काढायच्या क्रीममधली रसायनं केसातलं केराटिन हे प्रथिन विरघळवतात, ती फार अल्कधर्मी असतात आणि केराटिन कातडीतही असतं. ॲसिड वापरणाऱ्यांनी या दोन्हींपासून लांब राहिलेलं बरं.

लेझरचा विचार करत असाल तर ठिपक्यांचा काळेपणा आणि वळलेले केस या दोन्हींवर तो खरा उपाय आहे. सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित, कारण तो वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. घरी वापरायची आयपीएल यंत्रं (प्रकाशाचे झोत टाकून केस कमी करणारी) काळवंडलेल्या काखेवर चालवू नका. त्यांचा प्रकाश केसाऐवजी कातडीतल्या रंगातच शोषला जातो आणि भाजतं.

तीन आठवड्यांनी आग पूर्ण गेलेली असेल, कातडी पाणी-घाम विनातक्रार सहन करत असेल, तर ॲसिड परत आणता येईल. कुठलं? मी सुरुवात लॅक्टिक ॲसिडने करायला सांगते, 5 टक्के किंवा त्याच्या आतबाहेर. त्याचा रेणू ग्लायकोलिकपेक्षा थोडा मोठा आहे, तो हळू शिरतो आणि ओलावाही धरतो. मँडेलिकचा रेणू तर ग्लायकोलिकच्या दुप्पट, म्हणून तो आणखी सौम्य. ज्यांना लवकर झोंबतं त्यांच्यासाठी तो चांगला. वळलेले केस आणि पुळ्या हाच मुख्य त्रास असेल तर 1 ते 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड, कारण ते तेलात विरघळतं आणि केसाच्या छिद्रात उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर ते नको, गरोदरपणातही डॉक्टरांना विचारूनच. तुमच्याकडे असलेला 7 टक्के ग्लायकोलिकचा टोनर फेकायची गरज नाही, त्यात अल्कोहोल आणि सुगंध नसेल तर खालच्या पद्धतीने तोही चालेल.

आधी पॅच टेस्ट. काखेच्या खालच्या कडेला, नाण्याएवढ्या जागेवर, दोन रात्री लागोपाठ लावा आणि पुढचे दोन दिवस काही लावू नका. काही झालं नाही तर पुढे.

आठवड्यातून दोन रात्री, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. काख धुवा, टिपा आणि दहा मिनिटं पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या कातडीत ॲसिड जास्त शिरतं, ही पायरी घाईत सुटते आणि मग लोक म्हणतात आज अचानक का झोंबलं. कापूस नको, तो घासतो आणि अर्धं औषध स्वतः पितो. तळहातावर सहा ते आठ थेंब घ्या, दोन बोटांनी काळ्या भागावर टेकवत पसरा. हात डोक्यामागे धरून दोन मिनिटं सुकू द्या, घडीत ओलसर राहिलं तर तिथेच जास्त लागतं आणि रेघेसारखा काळा पट्टा उमटतो. पहिले दोन आठवडे दहा मिनिटांनी नुसत्या पाण्याने धुऊन टाका. या ताकदीचं ॲसिड काढायला सोड्याचं पाणी वगैरे लागत नाही. धुतल्यावर मॉइश्चरायझर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अर्धा तास ठेवा. पाचव्या आठवड्यापासून, सगळं ठीक असेल तरच, रात्रभर. तिसरी रात्र वाढवायची तर त्यानंतर, आणि काखेला तीनपेक्षा जास्त रात्री कधीच नाही.

रेझर फिरवल्यानंतर किमान दोन दिवस ॲसिड नाही. ॲसिड लावल्यावर दुसऱ्या दिवशी रेझर नाही. वॅक्स करायचंच असेल तर आठवडाभर आधी ॲसिड थांबवा, नाहीतर वॅक्सबरोबर कातडी निघते. त्याच रात्री रेटिनॉल, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा दुसरं ॲसिड नको. ॲसिडच्या रात्री घामविरोधी अँटिपर्स्पिरंटही नको: त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या पाण्याशी मिळून थोडं आम्ल तयार करतात आणि दोन्ही मिळून झोंबतात. ते एरवी रात्री कोरड्या काखेत लावलं की सर्वांत चांगलं काम करतं, म्हणून रात्री वाटून घ्या.

किती झोंबणं चालेल? लावल्यावर मिनिट-दोन मिनिटं हलकं चुणचुणणं ठीक. पाच मिनिटांनीही आग होत असेल तर धुवा आणि त्या आठवड्यात पुन्हा लावू नका. कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसणं, साध्या मॉइश्चरायझरनेही चुरचुरणं, कोंड्यासारखे पापुद्रे निघणं, या खुणा दिसल्या की ॲसिड आवरतं घ्यायची वेळ आली. यातली चकचकीत कातडी लोकांना सुधारणा वाटते आणि तिथेच मात्रा वाढवली जाते. तो चकाकता भाग म्हणजे वरचा थर गरजेपेक्षा पातळ झालेला असतो, आठ-दहा दिवसांत तिथेच काळपटपणा येतो. त्वचेला आता सवय होतेय, असं समजून रेटत राहू नका.

रंग बनवण्याची प्रक्रिया धीमी करायला ॲसिडसोबत दुसरं काही हवं. ज्या रात्री ॲसिड नाही त्या रात्री 4 ते 5 टक्के नायसिनमाइड लावा. ते मेलॅनिन रंगपेशींतून वरच्या पेशींत जाण्यात अडथळा आणतं, त्वचेचा संरक्षक थरही सुधारतं, आणि विश्रांतीच्या तीन आठवड्यांतल्या शेवटच्या आठवड्यापासूनच सुरू करता येतं. अझेलाइक ॲसिड 10 ते 20 टक्के हा आणखी चांगला पर्याय, ते मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखतं आणि दाहही कमी करतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत खाजवतं. ते घेतलंत तर ग्लायकोलिक बाजूला ठेवा, दोन्ही नव्याने एकत्र सुरू करू नका. बिनबाह्यांचे कपडे घालत असाल तर उघड्या भागाला सनस्क्रीन लावा. ग्लायकोलिकसारख्या ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर हळवी राहते.

लिंबू लावू नका. त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली, आणि ऊन लागलं तर लिंबूवर्गी रसातले काही घटक भाजल्यासारखे गडद डाग पाडतात. त्याच्या पाठोपाठ सोडा चोळला की त्वचा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते. आणि गोरेपणासाठी म्हणून मिळणारी, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड तिन्ही एकत्र असलेली क्रीम काखेत स्वतःहून लावू नका. पहिल्या महिन्यात ती जादू केल्यासारखी वाटते. पण काखेतली कातडी स्टेरॉइडने फार लवकर पातळ होते, ताणाचे पांढरट-लाल व्रण उमटतात आणि ते कायमचे राहतात. अभ्यासातलं सौम्य स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीत ठरावीक दिवस वापरलेलं होतं, महिनोन्‌महिने नव्हे.

घरी 30 टक्क्यांचं पील, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. त्या ताकदीला ग्लायकोलिक घड्याळ लावून ठेवतात आणि वेळ झाली की निष्प्रभ करतात. मिनिटभर इकडेतिकडे झालं तरी भाजतं. काखेच्या घड्यांत द्रव साचतो, आरशात उलटं बघत एका हाताने तो सारखा पसरवता येत नाही, आणि दुसरी काख करेपर्यंत पहिलीची वेळ टळून गेलेली असते. दवाखान्यात काखेचं पील करतात, पण आधी काही आठवडे त्वचा तयार करून, कमी ताकदीपासून सुरुवात करून आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. भाजलेल्या काखेचा काळेपणा आताच्या काळेपणापेक्षा किती तरी जास्त काळ टिकतो, एवढं लक्षात ठेवा.

किती दिवसांत फरक दिसेल, हे काळेपणा किती जुना आहे आणि कारण किती काटेकोरपणे थांबवलंय यावर आहे. मऊपणा दोन-तीन आठवड्यांत जाणवतो. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, त्यामुळे रंगातला फरक आठ ते बारा आठवड्यांआधी ठरवू नका. दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फ्लॅशशिवाय फोटो काढा. रोज आरशात पाहून काही कळत नाही, उलट अधीर होऊन मात्रा वाढते. बारा आठवडे सगळं नीट करूनही फोटोत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना लावलेल्या प्रत्येक बाटलीचा फोटो न्या. निम्मं निदान घटकांच्या यादीत सापडतं. आणि काख दंडाच्या आतल्या कातडीइतकी फिकी होईल ही अपेक्षा ठेवू नका. घडीतली त्वचा बहुतेक सगळ्यांची मुळातच एक छटा गडद असते. तिथवर आलात की आठवड्यातून एक रात्र ॲसिड पुरे.

राहिला डिओडरंटचा प्रश्न. टोनरने वास कमी झाला हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, काखेतले जिवाणू त्यातले घटक फोडतात तेव्हा वास येतो, आणि पीएच खाली गेला की त्या जिवाणूंना वाढायला अवघड जातं. पण त्याने घाम कमी होत नाही, आणि वासासाठी ॲसिड रोज लावावं लागतं, जे तुमच्या काखेला सोसत नाहीये. तेव्हा ॲसिडला डिओडरंटचं काम देऊ नका. कोपरावरच्या परीक्षेत पास झालेलं, सुगंध आणि सोडा नसलेलं डिओडरंट सकाळी कोरड्या काखेत लावा. परीक्षेत तुमचं सध्याचं नापास झालं तर नवीन घेतलेलंही आधी तसंच आठवडाभर कोपरावर तपासा, मगच काखेत.